बाबांची बंदूक, काडतुसांसकट

किस्से मी मुद्दाम साठवत नाही. तेलाच्या डब्याच्या तळाला गाळ बसतो, तसे ते आपोआप बसतात. कतारमध्ये अबू हमूर भागातल्या एका कतारी घरात मी स्वयंपाक करते, निम्मं आयुष्य इथेच गेलं. शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे साखरेत घोळून लिहिता येत नाही. हे किस्से आमच्या बाबांचे आणि त्यांच्या दोन नळीच्या बंदुकीचे. बाबा म्हणजे घरमालक, म्हातारे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. माझ्याशी ते अर्धं अरबी, अर्धं हिंदी बोलतात, मी मराठीत सांगते. तुम्ही हसून घ्या. मला पूर्वी यायचं तेवढं हसू आता येत नाही.

*

बंदूक विकायची वेळ आली ती पाण्याच्या टाकीमुळे. बाबांना मोतीबिंदू, त्यात हात थरथरणारा. एका सकाळी गच्चीवर मोठा आवाज झाला. मी लाटणं घेऊन वर धावले. बाबा बंदूक धरून उभे, आणि टाकीतून पाणी धो धो जिन्यावर!

थोरला मुलगा राशिद ऑफिस सोडून आला. भिजलेल्या गालिच्यावर उभा राहून त्याने विचारलं, कशावर झाडलीत?

"कबुतरावर."

"बाबा, ती टाकी आहे."

"म्हणूनच म्हटलं," बाबा म्हणाले, "एवढं मोठं कबूतर कसं काय."

त्याच दिवशी ठरलं, बंदूक घरात राहणार नाही. बाबांनी एवढंच मागितलं, की ही एक थंडी जाऊ द्या. थंडीत वाळवंटात तंबू ठोकून राहायची इथली रीत. त्यांना तिथे शेवटचं एकदा बंदूक घेऊन बसायचं होतं. राशिद नाही म्हणाला. त्याचं बरोबर होतं. म्हणूनच तर जास्त वाईट वाटतं.

*

पहिलं गिऱ्हाईक द पर्ल नावाच्या श्रीमंत वस्तीतून आलं. तरणाबांड पोरगा, अत्तराचा वास दारातून आधी आत आला. बंदूक त्याला हॉलच्या भिंतीवर लावायची होती, सोफ्याला मॅचिंग म्हणून. बाबा म्हणाले, काडतुसंही घेऊन जावी लागतील. पोरगा म्हणाला, ती कशाला, मला फक्त टांगायची आहे.

"मग तुला बंदूक नको," बाबा म्हणाले. "खिळा घे."

वर मला सांगितलं, याला चहा दे आणि गेटपर्यंत सोड. मी चहा दिला. बिनसाखरेचा.

*

काडतुसांवर बाबा का अडले, ते घरात मला आणि ड्रायव्हर कासमभाईंनाच कळलं. आम्ही दोघं राजापूरकडची. रमझानमध्ये शेजारून हरीसचं, म्हणजे गहू-मटण घोटून केलेल्या खिचडीचं, पातेलं आलं, तर ते धुऊन रिकामं परत करायचं नाही, त्यात खजूर तरी घालायचे, ही या घरची रीत. आपल्याकडेही शेजारणीचं भांडं रिकामं पाठवत नाहीत. बाबा तेच बंदुकीला लावत होते.

राशिद डोक्याला हात लावून समजावत होता, की काडतूस म्हणजे खजूर नव्हे. घेणाऱ्याच्या परवान्यावर नसलेलं काडतूस दिलं तर दोघंही आत जाल. बाबा ऐकून घेत आणि म्हणत, मग परवाना असलेला माणूस आण. आजवर कुणाच्या दारी मी रिकामी वस्तू पाठवलेली नाही.

कासमभाई मला हळूच म्हणाले, "हमीदाबाय, म्हातारा विकत नाहीये. म्हातारा सासरी पाठवतोय."

*

बरं, काडतुसं द्यायची तर ती सापडायला नकोत? राशिद काढून घेईल या धाकाने बाबांनी ती घरभर लपवली होती, आणि कुठे लपवली ते विसरले होते! धूप ठेवायच्या डब्यात निघाली. मालकिणीच्या शिलाई मशीनच्या खणात निघाली. फ्रीजरमध्ये सुरमईच्या खाली निघाली. एक तर मी तांदूळ धुताना हाताला लागलं. तेव्हा माझं टाळकं सरकलं. बाबा असोत नाहीतर बाबांचे बाबा, मी ओल्या हातानेच जाऊन उभी राहिले.

"हे बिर्याणीत शिजलं असतं तर?"

बाबांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "तर तुझी बिर्याणी एकदाची तिखट झाली असती."

कासमभाई काडतुसांना हात लावेनात. मीच पिठाच्या चाळणीत गोळा करून राशिदच्या ताब्यात दिली. पितळ हिरवं पडलेलं होतं. बाबा त्याच्यासमोर बसून एकेक फडक्याने पुसायचे. लग्नाची भांडी पुसावीत तसे.

*

शेवटी अल वक्रा गावचा अबू जासिम आला. बाबांबरोबर शिकारीला जाणाऱ्या मित्राचा मुलगा, स्वतःही पन्नाशीचा. परवाना, सहीशिक्के, बंदूक आणि काडतुसं दोन्ही त्याच्या नावावर, सगळं राशिदने रीतसर करून घेतलं. काडतुसं पाहताच अबू जासिमला कळलं होतं की ती मेलेली आहेत, उडणार नाहीत, उडवूही नयेत. पण त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, डोक्याला लावली आणि म्हणाला, "बाबा, एवढी कोण देतं?" त्या एका वाक्यासाठी मी त्याच्या ताटात मटणाचे चांगले तुकडे वाढले.

निघताना बाबांनी त्याचा हात सोडला नाही. म्हणाले, थंडीत तंबूवर जाशील तेव्हा मला ने. मी हात लावणार नाही, नुसता शेजारी बसेन.

"इन्शाल्ला, बाबा."

गाडी गेल्यावर कासमभाईंनी मला विचारलं, "हे इन्शाल्ला होणारं होतं की टाळणारं?"

मला तेव्हा होणारं वाटलं होतं.

थंडी पडली. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून दर गुरुवारी बाबा बूट दाराशी काढून ठेवायला लावायचे. शुक्रवारी रात्री मी ते गुपचूप कपाटात ठेवायचे. फोन काही आला नाही. अबू जासिम वाईट माणूस नाही. त्याला त्याचा व्याप असेल. पण मला विचाराल तर मटण वाया गेलं.

*

थंडी सरता सरता राशिदच बाबांना आणि नातवंडांना तंबूवर घेऊन गेला. जेवणाचं बघायला मी आणि कासमभाईही गेलो. दुपार कलली होती. बाबा तंबूबाहेर खुर्चीत, जाड झगा पांघरून. समोरच्या झुडपापाशी एक पक्षी उतरला, चांगला कोंबडीएवढा. माझ्या आधी तो बाबांनाच दिसला, मोतीबिंदूच्या डोळ्यांना.

त्यांनी बोट वर केलं. राशिद फोनवर कुणाला तरी झापत होता, तो गप्प झाला. नातवंडांनी मोबाईल खाली केले. मी चहाचं पातेलं धरून जागच्या जागी. बाबांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, डावा डोळा मिटला आणि श्वास रोखून धरला. पक्षी वाळूत चोच मारत राहिला. पातेल्याचा चटका बसत होता, तरी मी हलले नाही. मग तो आपणहून पंख झाडून उडाला.

बाबांनी श्वास सोडला, डोळा उघडला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस ना हमीदा? सोडून दिलं मी त्याला."