मुकादमाचं जेवण

माझ्या सासूबाईंचा धर्म एकाच वाक्यात मावायचा: "ज्याचा हात हालन, त्याचंच तोंड हालन." काम नाही, तर जेवण नाही. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी तापाने फणफणले होते, तेव्हाही त्यांनी ताटाआधी माझ्यापुढे सोलायला लसूण आणून ठेवला होता. तो राग मी चांगला जपून ठेवला होता.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दुखणं आलं ते नेमकं त्यांनाच. ओसरीलगतच्या खोलीत त्यांची खाट टाकली आणि बाईंनी आपला नियम आपल्यालाच लावला. दाराशी ठेवलेलं ताट तसंच परत यायचं. आमच्या यांनी बोदलकशाच्या तलावावरून मासोळी आणली, तीसुद्धा परत.

"पडून राहिली मी. फुकटचं कायले खाऊ?"

पोटात अन्न नसेल तर औषधं काय करतील, असं तपासणीला आलेल्या आशाताई फाटकाबाहेरून ओरडून गेल्या. मी विनवलं, भांडले, खोटं रडूनही पाहिलं. मग खरंच रडू आलं. मला त्या हव्या होत्या, त्या नियमासकट.

पापडांसाठी तांदूळ आधीच दळून ठेवलेले. पीठ वाया जायला नको म्हणून मी अंगणात चूल पेटवली. उकड ढवळते आहे तोच खिडकीतून खोकल्यासकट आवाज आला, "काऊन व, गोळे करून राहिली काय? आधण तं येऊ दे."

ती चूक खरीच होती. पण आवाजात जुनी धार ऐकली आणि पुढच्या चुका मी मुद्दाम केल्या. जिरं विसरले, पापड भाकरीसारखे जाड लाटले, वाळत घातले ते सावलीत. दुपारपर्यंत खिडकी गप्प बसली नाही.

मग ताट नेलं.

"आई, तेंदूपत्त्याच्या फडीवरला मुकादम पानं तोडते काय?"

"तो कायले तोडन? नुसता ओरडते."

"मंग त्याले मजुरी भेटते का नाही?"

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि ताट आत ओढलं. "भाजीले काही चव नाही," असं म्हणत सगळी भाजी संपवली. चव आजाराने नेली होती, पण आळ मी आनंदाने घेतला.

त्या उठल्या आणि मी आडवी झाले. तीच खोली, तीच खाट. दाराशी ताट आलं, त्यात माझेच जाडजूड पापड तळलेले. मुकादमकी करण्याइतकाही जीव अंगात नव्हता.

"आई, मी तं आज काहीच केलं नाही," मी चेष्टेने म्हटलं.

दाराआडून त्या म्हणाल्या, "श्वास घेऊन राहिली ना? मंग जेव. आज तेवढंच काम हाये तुले."