बडेबाबूंची कडी

एप्रिलचा पहिला शनिवार, सकाळी साडेअकरा, शाळेचं ऑफिस. हजर: खोब्रागडे सर, नवे बाबू आणि मी. गैरहजर: बडेबाबू, आमचे जुने हेडक्लार्क; मागच्या वर्षी निवृत्त झाले आणि पावसाळ्यात वारले. दाराची कडी उघडी होती, आणि तेच चुकल्यासारखं वाटत होतं.

कारण या दिवशी बडेबाबू आतून कडी लावत आणि दाराला पाठ टेकून खुर्ची टाकत. वर्षभर पगारातून किती आयकर कापायचा, त्याचा फॉर्म भरल्याशिवाय कोणालाही सोडत नसत. "बाबूजी, शहापूरची बस चालली ना माझी!" खोब्रागडे सर दरवर्षी ओरडत.

"बस दुसरी येते, सर. फेब्रुवारीचा पगार दुसरा येत नाही. बसा."

फेब्रुवारीशी त्यांचं जुनं वैर. आम्ही शिक्षक एप्रिलमध्ये थापा लिहायचो: विमा काढणार, घरासाठी कर्ज घेणार. त्यामुळे दरमहा कर कमी कापला जाई. जानेवारीत पावत्या मागितल्या की एकाकडेही नसत, आणि राहिलेला कर फेब्रुवारीच्या पगारावर एकदम कोसळे. "सारं धान एकाच दिवशी रोवता काय? थोडं थोडं कापू द्या ना," ते समजावत.

मीही एकदा न घेतलेलं कर्ज लिहिलं होतं. फेब्रुवारीत हाती अकराशे रुपये आले. मी याद्या करणारी बाई. किराणा, दूध, शिकवणी, एकेका यादीवर काट मारत बसले. बडेबाबू रागावले नाहीत. "फॉर्मले खोटं चालते, बाई. फेब्रुवारीले चालत नाही," एवढंच म्हणाले.

स्वतःचा फॉर्म ते सर्वांत शेवटी भरत. एका वर्षी तो माझ्या नजरेस पडला. त्यांची मुलगी पंचविशीची, पण अजून त्यांच्या हातानं जेवणारी. घरात दिव्यांग माणूस असेल तर करात सवलत मिळते, हे आम्हाला त्यांनीच शिकवलेलं. त्यांचा तोच रकाना कोरा होता.

"बाबूजी, हा काहून सोडला?"

"दाखला लागते, बाई. ते डॉक्टर लिहून देतील, की ही आता अशीच राहणार." त्यांनी फॉर्मची घडी घातली. "मले मालूम हाये. पण कागदावर नाही वाचवत."

मी तिथल्या तिथे वर्षाचं नुकसान मांडून चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. घरी जाताना मनात म्हटलंही, एवढा हिशेबी माणूस, आणि असा वेडेपणा! त्यांनी चिठ्ठी खिशात ठेवली आणि निवृत्त होईपर्यंत पुरा कर भरला.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना लकवा झाला. उजवा हात उठत नाही. "मी बरा होऊन राहिलो ना, दाखला कायले?" दाखल्याचं नाव काढलं की हे विचारतात. व्यायाम करून घ्यायला रोज माणूस येतो. आतापर्यंत साठवलेल्यातून भागवलं; आता कर कमी कापला गेला तरच त्याचा पगार निघेल. यंदा तो रकाना भरला, तर जानेवारीच्या आत ह्यांना डॉक्टरांसमोर बसवून दाखला घ्यावाच लागेल. नाही भरला, तर व्यायाम बंद. आणि नुसतं लिहून ठेवायची सोय बडेबाबूंनी माझ्यापुरती कायमची बंद केली आहे.

"म्याडम, तुमचाच राह्यला," नवे बाबू म्हणाले. "सोमवारी आणजा. काही घाई नाही."

खोब्रागडे सरांना आज बस मिळाली. मी मात्र उघड्या दारासमोर कितीतरी वेळ बसून होते. शेवटी फॉर्म पिशवीत घातला आणि घरी आले.

"झाली सगळी कामं?" ह्यांनी विचारलं.

"एक राहिलं."

"कोणतं?"

"सांगते," म्हटलं, आणि ह्यांच्या ताटातला भात कालवायला घेतला.