तिजोरीची रिकामी बादली

माझ्या थोरल्याच्या कॅन्टीनला उद्या कुलूप लागेल, ही धास्ती काही केल्या मनातून जात नाही. घरात आम्ही त्याला तिजोरी म्हणतो. लहानपणी पेन्सिलीचा तुकडासुद्धा उशीखाली लपवून झोपायचा. आता एका कार्यालयाच्या तळमजल्यावर कॅन्टीन चालवतो. त्याच्या मसाल्यात काय असतं हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नाही. मसाला भाजायचा असला की तिला बाहेर काढतो.

नव्या नियमाने घरांनी आणि खाणावळींनी ओला कचरा वेगळ्या बादलीत द्यायचा, त्याचं खत करतात. रोज सकाळी गाडी येते. तिजोरीची बादली मात्र घासूनपुसून लख्ख, तळाशी चहाचा चोथा तेवढा. पालिकेच्या तपासनीस बाई म्हणाल्या, "एवढी माणसं जेवतात आणि एक साल निघत नाही? कांदे सालीसकट घालता की काय?" नेमकं समोरचं गटार तुंबलेलं. त्यांचा संशय तिकडे गेला. उद्याही बादली रिकामी दिसली तर कॅन्टीन बंद.

सूनबाईच्या मनात वेगळंच. "आई, मला वाटतं उरलंसुरलं सगळं परत भाजीत जातं." तेव्हापासून त्याने डब्यातून पाठवलेला घास माझ्याही घशाखाली उतरेना.

आज दुपारी तो माझ्याकडे जेवायला आला. पाटावर बसायच्या आधी "आलोच" म्हणत खाली गेला. मी मागोमाग. स्कूटरच्या डिकीतून पिशवी काढून तो आमच्या इमारतीच्या बादल्यांत साली आणि गाळलेल्या मसाल्याचा चोथा टाकत होता. चार मूठ या बादलीत, चार त्या.

"काय रे हे?"

"हळू बोल. समोरचा कॅन्टीनवाला रोज कचऱ्याच्या गाडीपाशी घुटमळतो. चोथा हुंगला की मसाला कळेल त्याला."

"चोथ्यावरून काय कळणार?"

"मला त्याचा कळला ना."

मी कपाळाला हात लावला. "मग बाईंना हे सांगून टाक."

"म्हणजे त्या चारचौघांत बादली उपसून बघणार. तू मध्ये पडू नकोस. आणि हिला तर अजिबात सांगू नकोस."

मग वर येऊन जेवला. भाजीत मीठ जास्त आहे, एवढंच बोलला.

त्याला समजावण्यात अर्थ नाही. सांगावं तितकं तो आणखी खोल लपवतो. पण साली अजून आमच्याच बादल्यांत आहेत, सकाळची गाडी येईपर्यंत तरी. तपासनीस बाईंचा नंबर जिन्यातल्या पत्रकावर आहे. तो म्हणेल, घरचीच फितूर झाली. महिनाभर इकडे फिरकायचा नाही. नाही तर नाही. उजाडताच मी बाईंना फोन करणार आहे: आधी आमच्याकडे या, बादल्या बघा, मग त्याच्याकडे जा.