तुटीची व्याख्या

सोलापुरातल्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. पुढाऱ्यांना अर्थकारणातलं ओ की ठो कळत नाही, हे माझं आवडतं वाक्य. स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, कुठंही मी ते बोलायचो आणि लोक माना डोलवायचे. म्हणूनच महापालिकेच्या निवडणुकीआधी आमच्या भागातल्या काही मंडळींनी उमेदवारांना एका मंचावर बोलवायचं ठरवलं, तेव्हा प्रश्न विचारायला मला बसवलं. मी खुशीत गेलो. आदल्या दिवशी प्रश्न कागदावर लिहून काढले होते.

खरी लढत दोघांतच होती. एक माझा जुना विद्यार्थी, पुण्याहून एमबीए करून आलेला, बांधकाम व्यवसायात जम बसवलेला. दुसऱ्या एक बाई. शहराच्या पूर्वभागातल्या विणकर घरातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. शाळेचे युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात त्या सुपरवायझर होत्या. शिक्षण नववीपर्यंत.

आधी बाई बोलायला उठल्या. हातात महापालिकेच्या अंदाजपत्रकाच्या झेरॉक्स होत्या.

"आमच्या गल्लीतल्या ड्रेनेजला दोन वर्षं झालं पैसे मंजूर दाखवलेत," त्या म्हणाल्या. "कागदावर हायत, काम काय झालं न्हाई. मग ते पैसे दुसरीकडं कुटं वळवले, एवढंच मी..."

मी घड्याळाकडं बघितलं आणि त्यांना तोडलं. "ताई, ते असू द्या. आधी सांगा, राजकोषीय तूट म्हणजे काय?"

त्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला होता. "मला माहीत न्हाई, सर."

मागच्या रांगांतून हशा उठला. मीही हसलो. खोटं कशाला सांगू, गालातल्या गालात नाही, चांगला दात दाखवून हसलो.

तोच प्रश्न मी माझ्या विद्यार्थ्याला विचारला. तो उभा राहिला, कोटाचं बटण लावलं आणि निम्मं इंग्रजीत, निम्मं मराठीत धडाधड बोलला. सरकारच्या डोक्यावर असलेलं एकूण कर्ज म्हणजे तूट, असं त्याच्या बोलण्याचं सार. हे साफ चूक होतं. बारावीच्या पोरानं पेपरात लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं. पण त्याचं बोलणं इतकं सफाईदार होतं, आणि 'आमच्या सरांनीच शिकवलंय' असं त्यानं शेवटी जोडलं. मी "वा, छान" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बाईंच्या "मला माहीत न्हाई"चा व्हिडिओ गल्लोगल्ली फोनवर फिरत होता. प्रश्न माझ्या आवाजात, मग त्यांचा चेहरा, मग हशा. माझ्या साडूचा फोन आला, "काय पकडलंत हो बाईला!" मला बरं वाटलं. दोनदा बघितला मी तो व्हिडिओ.

त्याच दुपारी बाई कॉलेजात आल्या. एकट्याच. स्टाफरूमच्या दारात चप्पल काढायला लागल्या, तेव्हा मी नको नको म्हणालो. मला वाटलं, भांडायला आल्यात. त्यांनी पिशवीतून वही काढली.

"सर, ते तूट काय असतंय ते समजावून सांगा की. परत कुणी विचारलं तर यायला पायजे."

मी सांगितलं. सरकारला वर्षभरात जेवढं मिळतं, त्यात उसनं आणलेलं धरायचं नाही, आणि त्याहून जास्त जेवढं खर्च होतं, ती तूट.

त्यांनी लिहून घेतलं. पेन थांबलं. "म्हंजे एका सालात कमी पडलं ती तूट. आन् दरसालचं साठत आलं ते कर्ज. व्हय ना?"

"अगदी बरोबर."

"मग त्या साहेबांनी काल सांगितलं ते चूक की वो."

स्टाफरूममध्ये आणखी दोघं बसले होते. ते वर्तमानपत्र वाचत होते, पण पान उलटायचं थांबलं होतं. मी म्हणालो, "हो. चूक होतं."

"तुमाला तवाच कळलं होतं?"

"हो."

त्या रागावल्या नाहीत. वही पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "मग तितंच सांगायचं होतं की, सर." एवढंच. चहा विचारला तर, शिफ्ट हाय, म्हणून निघाल्या.

त्या गेल्यावर मी स्थानिक पेपरासाठी खुलासा लिहायला बसलो. दहा-बारा ओळी झाल्या. लिहिता लिहिता दुसरीच गोष्ट ध्यानात आली. नगरसेवकाच्या कामाशी त्या प्रश्नाचा काडीचा संबंध नव्हता. त्या संध्याकाळी मंचावर अर्थशास्त्राचं खरंखुरं एकच वाक्य बोललं गेलं होतं, मंजूर पैसे खर्च का झाले नाहीत हे, आणि ते मी तोडलं होतं. हेही त्या खुलाशात लिहायला हवं होतं. मग वाटलं, निवडणूक तोंडावर आली आहे, मी कुणाची बाजू घेतल्यासारखं दिसेल. मतदान झाल्यावर पाठवू. विद्यार्थ्याच्या प्रचारसभेचं निमंत्रणही आलेलं होतं.

बाई हरल्या. माझ्यामुळं हरल्या का, ते मला माहीत नाही, आणि तसं समजणं हीसुद्धा एक मिजासच. निकालानंतर मी कागद पेपरच्या ऑफिसात नेऊन दिला. तिथला माणूस म्हणाला, "सर, आता कोण वाचणार हे?" छापून आलं नाही.

शेवटी मी वर्गात सगळं सांगितलं. उत्तर चुकीचं होतं आणि मी छान म्हणालो, हेही. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मग सर, तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत? घाबरलात?"

घाबरलो असतो तर बरं झालं असतं. "नाही," मी म्हणालो. "मला तो आवडला होता. त्याचा कोट, त्याचं इंग्रजी. तो माझ्यासारखा वाटला."

तिनं मान खाली घातली आणि वहीची पानं चाळायला लागली. माझ्याकडं बघणं तिलाच अवघड झालं असावं.