चावडीची पायरी

चावडी म्हणजे गावाने बसून बोलायची जागा, असं तुम्हीही शिकलात ना? मग त्या गावात बायका नव्हत्या का?

नव्वदच्या दशकात सिन्नरजवळच्या एका खेड्यात मी ग्रामसभेची पत्रकं वाटत होतो. चावडीसमोरून जाताना बाईने चपला काढून हातात घ्यायच्या, ही तिथली रीत. चावडीत सभा भरली होती, तेवढ्यात पन्नाशीची एक बाई आली. तिने पदर खोचला आणि ती पायातल्या चपलांसकट पायरी चढली. तिच्या वस्तीवरचा हातपंप उन्हाळाभर बंद होता.

"मावशे, घरचा गडी पाठवायचा की!" एकजण हसला.

"पाठवला व्हता. तुमच्यात बसून चहा पिऊन आला. पानी मी वाहते, मंग बोलनार बी मीच."

"चला, कोरम नाय," म्हणत भरल्या चावडीतून पुढारी उठले. त्यांच्यामागे सगळे उठले. हातपंपाचा विषयही निघाला नाही. ती रिकाम्या सतरंजीकडे बघत कपाळाचा घाम पुसत राहिली.

बाईने तोंड उघडताच जी ओस पडते, तिला गावाची चावडी म्हणायची लाज वाटत नाही आपल्याला?

तुमच्या ग्रामसभेत बाई बोलायला उभी राहील, तेव्हा जागचे हलू नका. शेजारचा उठला, तर त्याचा हात धरून त्याला खाली बसवा.