नातीच्या दातांमधली फट

मंडळी, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" म्हणताना आईच्या पहिल्याच अक्षराबरोबर बारीक शीळ वाजायची. पुढच्या दोन दातांत फट होती तिच्या. फणसवाडीतून निघालेल्या मोर्च्यात मी एकदा हरवलो, तेव्हा त्या शिळेच्या मागावर जाऊन तिचा पदर धरला होता. शाळेतल्या कविताही तिनं त्या शिळेसकट पाठ करून घेतल्या.

तीच फट माझ्या नातीला, मुग्धाला मिळाली. पुढच्या महिन्यात तिचं लग्न आहे. आज सकाळी तिच्याबरोबर दादरला दातांच्या डॉक्टरकडे गेलो. फट झाकायला दातांवर व्हिनियर्स, म्हणजे पातळ पापुद्रे, चिकटवायचे म्हणे.

"दात किडलेत का?" मी डॉक्टरांना विचारलं.

"नाही हो आजोबा. थोडे घासावे लागतील."

"घासलेलं परत येतं?"

"नाही," डॉक्टर म्हणाले आणि लगेच स्क्रीनवर तिचं नवं हसू दाखवलं. तेच हसू भिंतीवरच्या सगळ्या फोटोंत होतं.

उद्या घासणार. "मलाच हवंय, आजोबा," मुग्धा म्हणते, पण खाली मान घालून. मला दाट संशय आहे, ही तिच्या होणाऱ्या सासूबाईंची फर्माईश. साखरपुड्यात त्या सारख्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या. तुम्ही माझ्या जागी असता तर त्यांना जाब विचारला असता का?

एवढं लिहिलं आणि बेल वाजली. दारात त्याच बाई, एकट्या.

"आजोबा, उद्याचं आत्ताच कळलं. थांबवा तिला. साखरपुड्यात मी तिचं हसणंच बघत होते. दात असे घासून घ्यायच्या आधी माझंही असंच होतं."