आधीच सांगून मोकळी झालेली कुसुम

कुसुम गेल्याचा फोन आला तेव्हा मी रोह्याला घरी वाल सोलत बसले होते. कुसुम माझी धाकटी जाऊ. धाकटीनं आधी जावं हे मला पटलं नाही, पण तिनं कधी कुणाला विचारून काही केलंच नाही. आता महिना उलटला. रडून झालं. हल्ली तिची आठवण आली की हसूच येतं, म्हणून लिहिते.

पेणजवळ जोह्याला तिचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. नवऱ्यामागं एकटीनं चालवला. शेड वाढवायला एका फायनान्स कंपनीचं कर्ज घेतलं, आणि एका वर्षी पावसानं मूर्ती वाळूच दिल्या नाहीत. हप्ते थकले. मग वसुलीवाल्याचे फोन सुरू झाले, पहाटे, रात्री, केव्हाही. शिव्या अशा, की आमच्या सासूलाही येत नसतील. शेवटी तो म्हणाला, तुझ्या मुलीचं कासूला जमलंय ना, त्या लोकांनाच फोन करून तुमची लायकी सांगतो. तिच्या रूपाचं लग्न तोंडावर आलेलं. मी घाबरले. म्हटलं, माझी पाटली मोड आणि त्याचं तोंड बंद कर.

"तोंड त्याचं घाण, नि पाटली तुझी का मोडायची गो ताई?" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती कासूला गेली. होणाऱ्या विहिणीच्या ओटीवर बसली, पाण्याला हात लावला नाही. "माझ्यावर कर्ज हाय. हप्ते थकलेत, पण मी फेडणार हाय. कोण फोन करून सांगंल, त्याच्या आधी मीच सांगतंय. मोडायचं तर आताच मोडा." मी जमिनीकडं बघत राहिले... विहीण पुढं सरकून बसली. मग तिनं विचारलं, "बोलता बोलता खोकतो काय तो?" कुसुम म्हणाली, व्हय. "मग तोच. आमच्या ट्रॅक्टरच्या हप्त्याला पण त्याचाच फोन येतो." दोघी इतक्या हसल्या, की नवरामुलगा आतून धावत आला.

त्या मुलानंच सांगितलं, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, सोयऱ्यांत बदनामी, काहीच चालत नाही. कंपनीनं ऐकलं नाही तर वर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल असतो, तिथं तक्रारीला पैसे पडत नाहीत. मग दोन्ही विहिणी तक्रार लिहून कंपनीच्या पेणच्या ऑफिसात गेल्या. साहेब म्हणाला, कर्ज घेतलंय तर ऐकून घ्यावं लागणार. "कर्ज फेडायचं असतं साहेब, शिव्या नाय," कुसुम म्हणाली, आणि पोच मिळेपर्यंत दोघी तिथंच डबा खात बसल्या. पुढं वसुलीला दुसराच माणूस आला, भरदिवसा, गळ्यात ओळखपत्र घालून. हप्ते लहान करून मिळाले, लग्न थाटात झालं, पुढच्या हंगामात कर्जही फिटलं. विहिणींत रुसवे असतात. या दोघींचं गूळपीठ बघून मलाच राग यायचा.

परवा कासूला गेले होते. विहिणीच्या कुणा ओळखीतल्यानं मोबाइलच्या अ‍ॅपवरून कर्ज घेतलेलं, आणि त्याच्या मोबाइलमधला नंबर काढून कुणी वसुलीवाला विहिणीलाच फोनवर दम देत होता. तिनं फोन माझ्या हातात दिला. मला असल्या माणसांची अजून भीती वाटते. तरी विचारलं, "नाव काय बाबा तुझं? कुठल्या कंपनीचा?" त्यानं फोन कापला.

"कुसुमनं नाव काढून घेतल्याबिगर त्याला सोडला नसता," विहीण म्हणाली.

खरं आहे. तो परत फोन करील म्हणून मी रोह्याची गाडी जाऊ दिली आणि विहिणीचा फोन मांडीवर घेऊन बसले.